टॅटूवरची ‘सेकंड स्किन’ फिल्म: नाशिकच्या हवेत कितपत कामाची?

टॅटू काढून झाला की त्यावर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची, वर कागदी टेप मारायचा आणि ‘दोन तासांनी काढा’ म्हणून घरी पाठवायचं, ही पद्धत अजून गेलेली नाही. पण आता नाशिकच्या स्टुडिओंतही एक पातळ, पारदर्शक, चिकट फिल्म लावून मिळते. सगळे तिला ‘सेकंड स्किन’ म्हणतात. मेडिकलमध्ये हाच प्रकार ‘ट्रान्सपरंट ड्रेसिंग’ म्हणून मिळतो. सलाईनची सुई जागेवर धरायला दवाखान्यात जी पारदर्शक पट्टी लावतात, तीच जातकुळी. थ्रीएमचं टेगाडर्म त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. मेडिकलमध्ये ते बहुधा ६ बाय ७ किंवा १० बाय १२ सेंटीमीटरच्या सुट्या तुकड्यांत येतं. टॅटूचं सामान विकणाऱ्यांकडे १० किंवा १५ सेंटीमीटर रुंदीचे रोल असतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान, रेघांच्या टॅटूवर ही फिल्म पैसे वसूल करते. गच्च काळ्या भरावावर ती फक्त पहिले २४ तास ठेवावी. एप्रिल-मेमध्ये कोपराच्या खळीत, गुडघ्यामागे किंवा काखेजवळ ती लावूच नये.

कारण तिच्या घडणीतच आहे. ही पॉलियुरेथेनची फिल्म असते आणि एका बाजूला अ‍ॅक्रिलिकचा चिकट थर. ती पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, मात्र त्वचेतून निघणारी वाफ बाहेर सोडते. त्यामुळे जखम आतून ओलसर राहते, जाड खपली धरत नाही आणि बाहेरची धूळ, घाणेरडा हात, गाडीवरचा धूर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकमधून वाफ अशी बाहेर जात नाही. ते रात्रभर ठेवलं तर आत घाम, रक्त आणि शाईचं कोमट पाणी साचतं, आणि जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. म्हणून दोन्ही प्लॅस्टिक एकच समजून घरी तेच गुंडाळत बसणं चूक आहे.

फिल्म फसते ती बहुतेक वेळा लावताना. टॅटू संपल्यावर तो धुऊन टिपायचा आणि दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवायचा. रक्ताचे टिपके आणि लस (जखमेतून झिरपणारं पाणी) सुटणं थांबलं की मगच फिल्म. घाई केली तर तासाभरात एका कडेने शाईचं पाणी झिरपायला लागतं. टॅटूवर आणि त्याच्या भोवती व्हॅसलीनचा किंवा ग्लाइडचा (टॅटू काढताना लावायच्या गुळगुळीत मलमाचा) अंशही राहता कामा नये, नाहीतर चिकट थर धरत नाही. टॅटूच्या कडेपासून चारही बाजूंना किमान अडीच सेंटीमीटर कोरडी, केस काढलेली त्वचा हवी. कोपरे कात्रीने गोल करायचे. टोकदार कोपरा शर्टाच्या बाहीत अडकून पहिल्याच दिवशी उलटतो. लावताना ताणायचं नाही. ताणून लावलेली फिल्म परत आकसते, कडेची त्वचा ओढते आणि तिथे फोड येतात.

घरी लावणाऱ्यांकडून हमखास एक गोष्ट सुटते. फिल्मला दोन थर असतात. मागचा कागद सगळेच काढतात. पण वरच्या बाजूलाही एक कडक, कधी चौकटी छापलेला थर असतो. फिल्म नीट बसली की तोही काढायचा असतो. तो राहिला तर फिल्म त्वचेबरोबर वाकत नाही, कडक राहते आणि संध्याकाळपर्यंत चारही कडा सुटतात. ‘चिकटतच नाही, माल खराब आहे’ ही तक्रार बरेचदा इथूनच येते.

पहिल्या रात्री फिल्मखाली काळपट पाण्याची पिशवी तयार होते. ती पाहून माणूस घाबरतो आणि टॅटूची सगळी शाई वाहून गेली असं त्याला वाटतं. तसं नसतं. शाई त्वचेच्या आतल्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसलेली असते. पिशवीत साचते ती वरच्या थरात अडकलेली जादा शाई, लस आणि थोडं रक्त. हे पाणी काळं किंवा तपकिरी, पातळ आणि बिनवासाचं असेल तर ठीक. पिशवी पसरत पसरत फिल्मच्या कडेला टेकली आणि एक थेंब जरी बाहेर आला, तर फिल्मचं काम संपलं. पाणी जिथून बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातात. वरून टेप मारून ते भोक बुजवू नका. फिल्म काढा, टॅटू धुवा आणि पुढची काळजी साबण-पाण्याने घ्या.

गळाली नाही तर पहिला तुकडा २४ तासांनी काढायचा, कोमट पाण्याखाली टॅटू धुऊन पूर्ण कोरडा करायचा आणि नवा तुकडा लावायचा. दुसऱ्या तुकड्याखाली पाणी फार साचत नाही. तो तीन ते चार दिवस ठेवावा. काही पाकिटांवर सहा-सात दिवस लिहिलेलं असतं, पण आमच्या मते नाशिकच्या हवेत चौथ्या दिवसापुढे ओढण्यात फायदा नाही. तोवर काढलेले केस परत फुटायला लागतात, फिल्म त्यांना धरते आणि काढताना मुळापासून ओढते. दोन-तीन दिवसांनी तिथे बारीक पुळ्या येतात.

काढायची रीतही सांगायला हवी. बँडेज फाडतात तशी झटक्यात वर ओढायची नाही. अंघोळीच्या शेवटी कोमट पाणी दोन मिनिटं सोडायचं, एक कोपरा नखाने सोडवायचा आणि फिल्म त्वचेला समांतर, बाहेरच्या दिशेला ताणायची. ताणली की चिकट थर आपोआप सुटतो. चिकटा उरला तर टॅटूच्या बाहेरच्या त्वचेवर थोडं बेबी ऑइल चालेल, पण टॅटूवर नाही. स्पिरिट तर अजिबात नाही.

फिल्मचा खरा उपयोग कुठे दिसतो ते अगदी जवळून बघायचं तर देवनागरी अक्षरांवर बघावं. इकडे नावांचे, ‘आई-बाबा’चे, मंत्रांचे टॅटू खूप. देवनागरीत शब्दाचा अर्थ टिचभर खुणांवर उभा असतो. ‘आनंद’मधलं अनुस्वाराचं टिंब जेमतेम मिलिमीटरभर. उघड्यावर भरणाऱ्या टॅटूत त्या टिंबावर मोहरीएवढी खपली धरते. झोपेत नख लागलं किंवा टॉवेल घासला की ती खपली शाई घेऊन निघते आणि मनगटावर ‘आनद’ राहतो. ‘सूर्य’चा रफार, ‘श्री’ची तिरकी रेघ, वेलांटीचं टोक यांचीही हीच गत. फिल्मखाली ही खपली धरतच नाही. तिसऱ्या दिवशी फिल्म काढली तर टिंब जसं काढलं तसं, कडा कोरलेल्या दिसतात. फक्त एवढ्या एका कारणासाठीही लहान अक्षरांच्या टॅटूला फिल्म लावावी.

अर्थात अक्षर मुळात नीट काढलेलं हवं. शाई वर्षांगणिक थोडी पसरते, म्हणून अक्षराची उंची एक सेंटीमीटरपेक्षा कमी घेऊ नये. ‘क्ष’, ‘ध’, ‘श्र’ यांच्या पोटातली मोकळी जागा पुढे बुजते. अनुस्वार शिरोरेषेला चिकटून काढला तर काही वर्षांनी दोन्ही एक होतात. स्टेन्सिल (त्वचेवर आधी उमटवायचा आराखडा) छापण्याआधी शब्द मोबाईलवर टाइप केलेला आणि कागदावर छापलेला, असे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तुटतं आणि ‘स्वामी’चा ‘स’ पायात हलन्त घेऊन वेगळा उभा राहतो, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आणि हात सैल, अंगाशी सोडलेला असतानाच स्टेन्सिल लावून घ्या. टेबलावर तळवा वर करून लावलेली शिरोरेषा हात खाली सोडला की पीळ खाते.

आता हवामान. मार्च ते मे या दिवसांत नाशिकचा पारा चाळीशीला टेकतो. दुपारी दुचाकीवर फिरणाऱ्याच्या हातावरची फिल्म घामाने कडेला वळते आणि त्या गुंडाळीत धूळ बसून काळी रेघ तयार होते. ती रेघ आत सरकायला लागली की फिल्म बदलायची. थंडीत उलट. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत फिल्म उत्तम टिकते, पण काढल्यावर त्वचा दोन दिवसांत तडतडते. तेव्हा लोशन दिवसातून दोनऐवजी तीनदा लावावं. पावसाळ्यात फिल्मची भीती नाही, भीती रेनकोटच्या बाहीच्या इलॅस्टिकची. ती घासून घासून कड सोडवते. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच.

फिल्म पाणी रोखते म्हणून कोणी पोहायला जाऊ नये. अंघोळ चालते, बुडणं चालत नाही. पाण्यात दहा मिनिटं राहिलं की कड सैल होते आणि तलावाचं पाणी फिल्मखाली शिरून तिथेच अडकतं, म्हणजे उघड्या टॅटूपेक्षा वाईट अवस्था. रंगपंचमीला शनी चौकात किंवा तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा मारायचा असेल तर टॅटू किमान एक महिना आधी काढा, नाहीतर सणानंतर. रामकुंडातल्या स्नानालाही हाच हिशेब. २०२७च्या सिंहस्थाचा टॅटू करून त्याच आठवड्यात कुंडात उतरण्याचा बेत असेल तर क्रम उलटा करा, आधी स्नान आणि मग टॅटू.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्यांसाठी आणि द्राक्षबागेत राबणाऱ्यांसाठी ही फिल्म आम्ही आवर्जून सुचवू. कूलंट, कटिंग ऑइल, धातूचा कीस ताज्या टॅटूवर गेला तर जळजळ होते आणि जंतूही शिरतात. बागेत तर मोरचूद, गंधक, बुरशीनाशकांच्या फवाऱ्यातच दिवस जातो. फिल्म, तिच्यावर सैल सुती बाही, आणि संध्याकाळी कडा तपासणं, एवढं तरी हवंच. छाटणीच्या आणि फवारणीच्या ऐन हंगामात मात्र फोरआर्मवर टॅटू काढणंच टाळा. फिल्म वेलीच्या तारेला आणि काडीला अडकून फाटते.

फिल्म ज्यांना सोसत नाही ते लवकर कळतं. बारा-चोवीस तासांत फिल्मच्या आकाराचाच लाल चौकोन उठतो, कडेला खाज सुटते, पाण्याचे बारीक फोड येतात. टॅटूला नाही, चिकट थराला ही अ‍ॅलर्जी असते. लगेच काढायची आणि पुन्हा लावायची नाही. साध्या बँडेजच्या चिकटपट्टीने ज्यांची त्वचा लाल होते, त्यांनी आदल्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूला दोन सेंटीमीटरचा तुकडा लावून बघावा. दोन दिवस उघडा राहिलेला टॅटूही नंतर फिल्मखाली झाकू नये. त्यावर बसलेले जंतू आत कोंडले जातात.

फिल्म निघाल्यावरचे दोन आठवडे सगळ्यांचे सारखेच. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, बोटांच्या पेरांनी हलकेच, घासणी किंवा लुफा नाही. टॉवेलऐवजी कागदी नॅपकिनने टिपायचं. पाच मिनिटं वाळू द्यायचं आणि मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा पाच टक्के पँथेनॉलचं क्रीम. तळहाताएवढ्या टॅटूला हरभऱ्याएवढं पुरतं. लावल्यावर टॅटू चकाकत असेल तर जास्त झालं, कागदाने टिपून घ्या. जास्त क्रीममुळे खपल्या भिजून फुगतात, पिठूळ होतात आणि शाई सोडतात. पाचव्या ते दहाव्या दिवसात लासलगावच्या सुकल्या कांद्यासारखे पापुद्रे सुटतील आणि त्यांत शाईचा रंग दिसेल. ते ओढायचे नाहीत. खाज आली तर नख न लावता बर्फाची पिशवी कापडातून ठेवायची. पापुद्रे गेल्यावर काही आठवडे टॅटू मेणचट, धुरकट दिसतो, ते आपोआप निवळतं. टॅटू पूर्ण भरेपर्यंत ऊन कपड्याने अडवायचं. सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, त्वचा पूर्ण जुळल्यावरच लावायचं.

घरातल्या कपाटात जे असतं त्याबद्दलही स्पष्ट लिहितो. डेटॉल आणि बीटाडीन रोज लावल्याने नवी त्वचा जळते आणि भरणं लांबतं. हळद टॅटूवर नको. ती निर्जंतुक नसते आणि तिचे कण खपलीत अडकतात. व्हॅसलीन जाड लावलं की त्वचा कोंडते. खोबरेल तेल काहींना चालतं, पण घरातल्या रुंद तोंडाच्या बरणीत सगळ्यांची बोटं बुडालेली असतात, आणि तेलकट त्वचेवर त्याने पुळ्या येतात. निओमायसिन असलेली मलमं अ‍ॅलर्जीसाठी ओळखली जातात, आणि सोफ्रामायसिनमधलं फ्रॅमायसेटिन त्याच कुळातलं आहे. टॅटूभोवती अचानक लाली वाढली तर आधी ते मलम बंद करून पाहा. खाजेवर सर्रास विकली जाणारी स्टिरॉइडची मलमं तर स्वतःहून कधीच लावू नयेत. खाज थांबते, पण भरणं मंदावतं आणि त्वचा पातळ होते.

सुईवाटे आत गेलेल्या घाणीवर कुठलीच फिल्म चालत नाही, म्हणून टॅटू सुरू होण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. सुईचं कार्ट्रिज तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघालं पाहिजे, पाकिटावर मुदत आणि निर्जंतुकीकरणाची खूण असते. कार्ट्रिजमध्ये मेम्ब्रेन (आतला पातळ पडदा) हवी, ती नसेल तर शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये जातं. मशीन आणि वायरवर प्लॅस्टिकचं नवं आवरण हवं. शाई छोट्या टोप्यांत ओतलेली हवी, बाटलीत सुई बुडवलेली नको. आणि राखाडी छटा करायला काळ्या शाईत कुठलं पाणी घालतात ते विचारा. नळाचं नाही, आरओचं नाही, नुसतं डिस्टिल्डही नाही, तर निर्जंतुक पाणीच हवं. अमेरिकेत रॉचेस्टर भागात २०११ च्या अखेरीस १९ जणांच्या टॅटूत मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग निघाला. मूळ तयार राखाडी शाईत सापडलं आणि संशय ती पातळ करायला वापरलेल्या डिस्टिल्ड पाण्यावर होता. जत्रेत एकाच सुईने रांगेने गोंदवून घ्यायची रीत तर आता कोणीच चालू ठेवू नये. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही त्याच वाटेने जातात.

तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी न होता पसरत असेल, जागा गरम आणि ठणकणारी असेल, पू किंवा वास येत असेल, लाल रेघ वर चढत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. फिल्म लावून वाट बघू नका. दोन-तीन आठवड्यांनी फक्त राखाडी भागात घट्ट लाल गाठी उठल्या तर डॉक्टरांना टॅटूची तारीख आणि शाईबद्दल आवर्जून सांगा, कारण वर सांगितलेल्या मायकोबॅक्टेरियम जंतूवर नेहमीची प्रतिजैविकं चालत नाहीत. लाल शाईचा भाग काही महिन्यांनीही खाजून फुगू शकतो. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा जुन्या जखमांवर केलॉइड (जाड, वाढत जाणारा व्रण) उठत असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. छाती आणि खांदा या केलॉइडच्या आवडत्या जागा. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही हे धरून चालावं. देवळाली कॅम्पचं स्वप्न बघणाऱ्या पोरांनी भरतीच्या जाहिरातीतली टॅटूची अट आधी वाचावी. सैन्यात फोरआर्मची आतली बाजू आणि हाताचा पाठचा भाग सोडून इतर ठिकाणचा टॅटू सर्वसाधारण उमेदवाराला चालत नाही.

खरेदी करताना मापाचा हिशेब असा. ५ बाय ८ सेंटीमीटरच्या टॅटूला १० बाय १३चा तुकडा लागतो, आणि असे दोन. म्हणजे १० बाय १२चं पाकीट इथे तोकडं पडतं, रोलमधून कापलेला तुकडा घ्यावा. एका टॅटूसाठी अख्खा दहा मीटरचा रोल घेण्यात अर्थ नाही, स्टुडिओतूनच दुसरा तुकडा कापून, स्वच्छ पाकिटात घालून मागा. रोलमधला माल निर्जंतुक पाकिटातला नसतो, त्यामुळे उघडा रोल टेबलावर धुळीत पडलेला दिसला तर त्यातला तुकडा घेऊ नका, मेडिकलमधून सुटी सीलबंद पट्टी आणा आणि टॅटू तेवढ्यात बसेल एवढाच काढा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली फिल्म चिकटा सोडते, कागद निघताना तार धरते. तशी निघाली तर ती फेकून द्या.